अधिक साडेसहाचा चष्मा

माझ्या काठीनं फुटलेल्या चष्म्याचा नंबर मला अजून पाठ आहे. दोन्ही डोळ्यांना अधिक साडेसहा. एवढा मोठा अधिक नंबर असलेल्या माणसाला चष्म्याशिवाय हातातला कागद वाचता येत नाही, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. आमच्या शाळेत चष्मा असलेला एकच मुलगा होता आणि त्याला फळा दिसायचा नाही. चष्मा म्हणजे लांबचं दिसण्यासाठी, एवढंच माझं ज्ञान.

मी पोलीस शिपाई आहे. गाव भोकर तालुक्यात, नोकरी लातूर जिल्ह्यात. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. वडील सालगडी होते, आई रोजानं जायची. बारावीनंतर आमचे गुरुजी स्वतःच्या गाडीवर मला नांदेडला घेऊन गेले आणि कॉलेजचा फॉर्म त्यांनीच भरून दिला, कारण आमच्या घरात फॉर्म भरता येणारं कुणी नव्हतं. मला त्यांच्यासारखं मास्तर व्हायचं होतं. ते जमलं नाही. पोलीस भरती निघाली, मैदानात धावलो, नाव यादीत लागलं. आईनं गावभर साखर वाटली. या नोकरीनं आम्हाला पक्कं घर दिलं, वडिलांचं म्हातारपण सावलीत गेलं. हे मी विसरलेलो नाही. इथं नोकरीविषयी तक्रार मांडायची नाही, मी काय केलं ते सांगायचं आहे.

वर्दी अंगावर चढली की काही गोष्टी फार लवकर कळतात. एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहते, माणसं उभी राहतात पण बसत नाहीत. हॉटेलात चहाला गेलो की शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबतं. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तर मुलीचे वडील हसत म्हणाले, "पगाराचं कळलं हो, वरचं किती पडतंय ते सांगा." मी काहीच घेत नाही म्हणालो, तेव्हा ते आणखी मोठ्यानं हसले. त्यांना मी मुरलेला वाटलो. माझी सख्खी बहीण तिच्या लेकीला जेवू घालताना म्हणते, "खाती का न्हाई? पोलिसाला देऊ का?" मी तिथंच बसलेला असतो. भाची माझ्याकडं बघते आणि पटापट घास गिळते.

सुरुवातीला मी प्रत्येकाला समजावून सांगायचो. मग सोडून दिलं.

त्या वर्षी बारावीच्या परीक्षेला मला देवणीच्या पुढच्या एका गावातल्या कॉलेजवर बंदोबस्त लागला. कॉलेजची इमारत बसकी, मागं छातीएवढी भिंत, भिंतीपासून हातभर अंतरावर वर्गाच्या खिडक्या. कॉपी पुरवणारे त्या मागच्या बोळात जमायचे. कागदाची घडी दगडाला गुंडाळायची, रबर लावायचं आणि खिडकीतून आत फेकायचं. आमचं काम त्यांना तिथून हटवायचं. माझ्याबरोबर एक जुने हवालदार होते. त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो आणि मला ते मास्तर म्हणायचे.

पहिल्या पेपरच्या दिवशी बोळात वीस-पंचवीस पोरं होती. मी तिकडं निघालो तेवढ्यात नातीला सोडायला आलेल्या एका म्हातारीनं मला हाक मारली. "लेकरा, ऊन लई हाय रं. ह्या पोरांना जरा सावलीला बसव की. आन् तू बी बस." बस्स, एवढंच. मी बोळात गेलो आणि म्हणालो, "चला रे, आजी म्हणून राहिल्या सावलीला बसा." दोन-चार हसले, एकानं कुरकुर केली, आणि सगळे समोरच्या लिंबाखाली गेले. काठी मी जीपमध्येच विसरलो होतो. ती जवळ नाही, हे तासाभरानं माझ्या ध्यानात आलं.

त्या दिवसाचा मी पुढं फार विचार केला. मी तोच होतो, पोरंही बरीचशी तीच होती. कुणीतरी मला लेकरू म्हटलं होतं, आणि आपलं ऐकलं जाईल असं मला आतून वाटलं होतं. बाकी काही वेगळं नव्हतं.

गणिताच्या पेपरला गर्दी दुप्पट झाली. साडेदहापासूनच सुरू झालं.

"मामा, काळे पडून राहिले उन्हात. छत्री धरू का?"

"ए, मामाला पाणी पाजा रे. फुकटचं हाय म्हणा, लगेच पितेत."

"मामा, तिकडं तोंड करून उभं राहायचे किती घेता?"

मी म्हणालो, "बाबांनो, आत तुमचीच भावंडं बसलीत. शांततेत पेपर लिहू द्या."

"भाषण देऊन राहिला रे!" मागून एक ओरडला. "ह्यालाच आत घाला, पेपर सोडवंल!"

सगळे खदखदून हसले. एकानं मोबाईल वर धरला. "व्हिडिओ चालू हाय बरं का. मारा आता. हाना की, बघून राहिलो आमी!"

काका भिंतीला टेकून तंबाखू मळत होते. म्हणाले, "मास्तर, शाळा घेऊन राहिलास व्हय? ह्यांचं आपल्याबद्दल कवाच ठरलेलं हाय. तू उद्या देव झालास तरी म्हनतील, देवानं हप्ता खाल्ला. चांगलं तर म्हननार न्हाईत. मग निदान भ्याले तरी पायजेत का न्हाई?"

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हे हसण्यावारी नेलं असतं. त्या दिवशी ते पटलं. तासभर मी उन्हात उभा होतो आणि माझा एकही शब्द कुणाच्या कानात शिरला नव्हता. चोर म्हणून, लाचखाऊ म्हणून, मारकुटा म्हणून त्यांनी मला आधीच ओळखलं होतं, आणि आता मी तसा वागण्याची ते मोबाईल धरून वाट बघत होते. हातातल्या काठीवरची माझी मूठ आवळत गेली. खरं सांगायचं तर काठी आहे याचा मला आधार वाटला. माझ्याकडं दुसरं होतंच काय?

अकरा वाजून गेले होते. पोरांना कोपऱ्यापर्यंत हुसकून परत आलो तर बोळाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस दगडांच्या ढिगावर चढून उभा होता. डोक्याला रुमाल, अंगात मळका सदरा. भिंतीवरून ओणवा होऊन त्यानं हात खिडकीच्या गजांपर्यंत लांबवला होता. हातात वहीच्या पानात गुंडाळलेली, रबर लावलेली पुडी. तो हळू आवाजात म्हणत होता, "माय, घे. ए माय, हिकडं बघ."

आमच्या पोलीस प्रशिक्षणात आहे, आधी इशारा द्यायचा. मी दिला नाही. इशारा म्हणजे पुन्हा शब्दच, आणि तासाभरात माझे शब्द संपले होते. मी धावत गेलो आणि पूर्ण ताकदीनं त्या हातावर काठी मारली.

पुडी भिंतीवर आपटून खाली पडली. काचेचा आवाज झाला. कोपऱ्यावरची पोरं ओरडली, "मारलं रे! मारलं!" त्या आवाजात आनंद होता.

तो माणूस दगडांवरून घसरून खाली बसला. डाव्या हातानं पुडी उलगडू लागला. वहीच्या पानात चष्मा होता. एक काच तडकली होती, दुसरीचे तुकडे झाले होते, काडी निखळली होती.

"साहेब, पोरीचा चष्मा हाय," तो म्हणाला. "सकाळी गडबडीत घरीच राहिला. तिला जवळचं अक्षर दिसत न्हाई. कसा लिवावा पेपर तिनं?"

मी खिडकीतून आत पाहिलं. तिसऱ्या बाकावर एक मुलगी प्रश्नपत्रिका हात लांब करून धरून बसली होती, जणू ती कागदापासून दूर जायला बघत होती. मग तिनं कागद बाकावर ठेवला आणि डोळे चोळले. समोरची उत्तरपत्रिका कोरी होती. बापानं मार खाल्ला हे तिला कळलं नव्हतं.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, "सोड. आता पळापळ केलीस तर कबूल केल्यावानी व्हतंय." मी फुटका चष्मा रुमालात बांधला आणि बाहेर लावलेल्या माझ्या मोटरसायकलला किक मारली. पेपर सुटायला दोन वाजेपर्यंत वेळ होता. त्या पोरीचं वर्ष दोन वाजेपर्यंत माझ्या हातात होतं, असं मला वाटत होतं.

चष्म्याचं दुकान देवणीत मिळालं. दुकानदार मला बघून उठून उभा राहिला. "या साहेब. चहा सांगू? गॉगल बघता का, नवीन माल आलाय."

"गॉगल नको. हा चष्मा असाच्या असा पाहिजे. आत्ता. एका पोरीचा पेपर चालू आहे."

त्यानं तडकलेली काच आणि मग दुसरीचा तुकडा यंत्राखाली धरला. "अधिक साडेसहा. दोन्ही. न्हाई साहेब, हा नंबर हितं नसतोय. लातूरला सांगावं लागंल. उद्या सकाळच्या गाडीनं येईल."

त्याच्या मागं भिंतभर कपाटं काचांनी भरलेली होती. मला वाटलं, पोलिसाला फुकट द्यावं लागेल म्हणून हा टाळतोय. मी खिशातून होते तेवढे पैसे काढून काउंटरवर ठेवले. त्यानं त्यांना हात लावला नाही, उलट एक पाऊल मागं सरकला. "नको साहेब, पैसे नको. मागं एका साहेबांचे घेतले तर..." पैसे ठेवण्यातही त्याला माझा काहीतरी डाव दिसत होता.

"अहो, मी विकत घेतोय! माझ्याच हातून फुटलाय तो!"

"हाव साहेब, पण नंबर न्हाईच की."

मी काउंटरवर काठी आपटली. काउंटरची काच तडकली नाही, पण आतल्या सगळ्या फ्रेमा हलल्या. "आत्ताच्या आत्ता पाहिजे. शोध!"

त्याचा चेहरा पांढरा पडला. पडद्यामागं गेला. पाच मिनिटांत एक तपकिरी चष्मा घेऊन आला. "सापडला साहेब. हाच नंबर. बरूबर हाच."

मला बरं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे. दम दिल्याशिवाय काम होत नाही, काका म्हणतात ते काही खोटं नाही, असा विचार करत मी गाडी परत दामटली. मी एका चांगल्या कामाला निघालो होतो, आणि त्या चांगल्या कामासाठीही मला काठीच उपयोगी पडली होती.

पाऊण वाजता कॉलेजच्या दारात पोचलो. केंद्रसंचालक सर व्हरांड्यात होते. मी म्हणालो, "सर, एका मुलीचा चष्मा घरी राहिला होता. तिच्या वडिलांनी आणून दिलाय." फुटल्याचं बोललो नाही, मारल्याचं बोललो नाही. सरांनी चष्मा आत पाठवला.

तिचे वडील लिंबाखाली बसले होते. डाळ मिलमध्ये हमाली करणारा माणूस, पन्नाशीच्या आसपासचा. उजव्या हाताला ओला रुमाल गुंडाळलेला. बोटं सुजून जाड झाली होती.

"दवाखान्यात चला," मी म्हणालो.

"न्हाई साहेब, काय झालं न्हाई. थोडं ठसठसून राहिलंय."

"तुम्ही मागून कशाला आलात? समोर गेटवर येऊन द्यायचा की."

ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "गेटावर तुमी व्हता न्हवं."

मागच्या भिंतीवरून हात घालणारा म्हणजे कॉपीवाला, असं मी ठरवलं होतं. गेटावर पोलीस म्हणजे हाकलून देणार किंवा मागणार, असं त्यांनी ठरवलं होतं. आम्ही दोघंही आपापलं ठरवून त्या बोळात आलो होतो. फरक एवढाच की काठी माझ्याकडं होती.

दोन वाजता मुलं बाहेर आली. ती मुलगी पायरीवरच थांबली आणि तपकिरी चष्मा काढून हातात धरला. मैत्रिणी प्रश्नपत्रिका जुळवत होत्या. एक म्हणाली, "तिसऱ्या प्रश्नात तीन होता ना गं?" ही म्हणाली, "आठ होता." "येडी का, तीन होता. आन् पुढच्यात सहा." "पाच न्हवता का?" मग ती तिथून निघाली. वडिलांजवळ येऊन विचारलं, "अप्पा, हा कुणाचा चष्मा? ह्यातून नीट दिसत न्हाई. नुसतं डोकं दुखायलंय."

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं आणि घाईनं म्हणाले, "साहेबांनी आणून दिलाय. साहेबांच्या पाया पड."

ती वाकली नाही. ती त्यांच्या हाताकडं बघत होती. "हाताला काय झालं?"

"पडलो."

मी सरळ देवणीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं मला बघताच हात जोडले. "तीनचा व्हता साहेब. म्हाताऱ्या माणसांचा तयार चष्मा. खरं सांगितलं तर तुमी ऐकून घेईनात. लई तापले व्हते. न्हाई म्हनलो असतो तर..."

पहिल्यांदा तो खरं बोलला तेव्हा मी विश्वास ठेवला नव्हता. भिऊन खोटं बोलला तेव्हा ठेवला होता. काठी आपटून मी त्याच्याकडून चष्मा मिळवला असं मला वाटलं, पण मिळवलं होतं फक्त हवं ते उत्तर.

दुसऱ्या दिवशी केंद्रसंचालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "काल बारा वाजता हेच सांगितलं असतं तर मी वर फोन केला असता. प्रश्न वाचून दाखवायला कुणी बसवता येतंय का विचारलं असतं. नसती मिळाली परवानगी, पण विचारलं तर असतं. आता पेपर बांधून गेला." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. बाराला मी दुकानात काठी आपटत होतो. पोरीसाठी धावत होतो असं मला वाटत होतं, आणि झालेलं गुपचूप मिटवायलाही धावत होतो.

एकच वाट उरली. झाला प्रकार लिहून मंडळाकडं अर्ज करायचा, तिच्या गणिताच्या पेपरचा विचार व्हावा म्हणून. पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. अर्जाचं उत्तर निकालानंतर आलं, अशी तरतूद नाही म्हणून. बाकी सगळ्या विषयांत ती चांगल्या गुणांनी पास होती, गणितात नापास. माझी चौकशी झाली. ठाण्याचे साहेब म्हणाले, "कुणी तक्रार केली नव्हती. तूच कशाला लिहून दिलंस?" काका माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत.

पण अर्ज लिहिताना हे काहीच माहीत नव्हतं, तेव्हा आशा होती. अर्जावर पालकाची सही लागणार होती म्हणून रविवारी त्यांच्या गावी गेलो. साध्या कपड्यांत गेलो, तरी केस आणि बूट बघून गल्लीतल्या बायका दारं ओढून घेऊ लागल्या. अप्पा घराबाहेर आले. दोन बोटांना प्लास्टर होतं.

"साहेब, आमी कुठंच काय बोललो न्हाई," ते दारातच म्हणाले. "कुनालाच न्हाई. लेकराची शपथ."

"मी त्यासाठी आलो नाही. माफी मागायला आलोय."

"न्हाई न्हाई, माफी कशाची? चूक आमचीच की. मी कशाला त्या भिंतीवर जायाचं?" त्यांनी माझ्यासाठी खुर्ची मागवली, स्वतः उभे राहिले. मी माफीचा शब्द जितक्यांदा उच्चारला तितके ते अधिक वाकत गेले. मी काय बोलतोय ते त्यांना ऐकूच येत नव्हतं. पोलीस घरी आला आणि गोड बोलतोय म्हणजे पुढं काहीतरी वाईट आहे, एवढंच त्यांना कळत होतं.

अर्ज पुढं केला. "सही कुठं करू?" त्यांनी लगेच डाव्या हातात पेन घेतलं.

"आधी वाचून बघा."

"वाचून काय करू साहेब? तुमी लिवलंय म्हंजी बरूबरच आसल."

ही सही मला नको होती. अशीच सही मी त्यांच्याकडून कोऱ्या कागदावरही घेऊ शकलो असतो. मी म्हणालो, "मुलीला बोलवा. तिला वाचू द्या."

ती आतून आली. लातूरला सांगितलेला नवा चष्मा सोमवारच्या गाडीनं, पुढच्या पेपरच्या आधी, यायचा होता. ती म्हणाली, "मला दिसत न्हाई. तुमीच वाचा."

मी वाचू लागलो. स्वतःचा हुद्दा, बंदोबस्ताचं ठिकाण, पेपर. मोठ्यानं वाचताना माझं चांगलं मराठी मलाच टोचत होतं. "...सदर इसम आपल्या पाल्याचा चष्मा देत असताना गैरसमजातून माझी काठी त्यांच्या हातास चुकून लागली व..."

"थांबा," ती म्हणाली. "चुकून लागली?"

"गप बस गं!" अप्पा कळवळून म्हणाले. "साहेब, पोरगी येडी हाय, तुमी मनावर घेऊ नका."

"अप्पा, त्या पोरांच्या मोबाईलमधी म्या बघितलंय. हे पळत आले." ती माझ्याकडं वळली. चष्म्याशिवाय तिची नजर माझ्या चेहऱ्यावर नीट ठरत नव्हती, तरी तिनं ती हलवली नाही. "चुकून लागली का तुमची काठी?"

मी पेन मागून घेतलं. 'चुकून लागली' यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'मी रागाने मारली'.

"काय लिवलं?"

मी वाचून दाखवलं.

"आता पयल्यापासून वाचा," ती म्हणाली.

मी पहिल्यापासून वाचलं. अप्पांनी डाव्या हातानं वाकडीतिकडी सही केली. कागद माझ्या हाती देताना त्यांनी विचारलं, "साहेब, ह्याच्यामुळं आमाला काय तरास तर व्हनार न्हाई न्हवं?"

"नाही होणार," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले, आणि मुलीला हाताला धरून, मी उठायच्या आधीच, आत पाठवून दिलं.